तिसऱ्या ओळीतलं शून्य

पेटी बघून घरातले सगळे बोलायला लागले, फक्त राजाभाऊ गप्प झाले.

पेटी पुठ्ठ्याची होती, पण पुठ्ठा असा की वर माणूस उभा राहिला तरी दबणार नाही. झाकणावर कोल्हे, ससे आणि बर्फातली झाडं. राजाभाऊंचा धाकटा मुलगा मकरंद आणि सून अस्मिता दोन दिवसांचा प्रवास करून फिनलंडहून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला आले, तेव्हा दोन बॅगांच्या वर ही पेटी आडवी ठेवलेली होती. आत कॉफीची पाकिटं, राईचा कडक पाव, पुतणी आरुषीसाठी लोकरीचे मोजे आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या. थोरल्या नागसेननं त्यातली एक तोंडात टाकली आणि तसाच सिंककडे पळाला.

"दादा, तिकडे पोरंसुद्धा खातात ही," मकरंद म्हणाला.

"म्हणूनच लोकसंख्या कमी होतेय," नागसेन तोंड धुताधुता म्हणाला.

राजाभाऊंच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, पेटी रिकामी केली, ओल्या फडक्यानं पुसली, तळाला वर्तमानपत्र घातलं आणि दुपारपर्यंत तिच्यात चकल्या भरूनही टाकल्या. इतकी चांगली पेटी रिकामी ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

राजाभाऊ मात्र चष्मा काढून पुसत बसले. फिनलंडच्या लोकसंख्येबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्या घरात कुणालाच नव्हतं, मकरंदलाही नाही. मुलगा तिकडे गेल्यापासून नऊ वर्षं ते लायब्ररीतून कागद छापून आणत होते. छप्पन्न लाख माणसं. न्यूझीलंडची त्रेपन्न लाख. दोन्ही देश एकत्र केले तर आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडे जास्त, हे ते येईल त्या पाहुण्याला सांगत. तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, हेही सांगत. आणि तिथलं सरकार प्रत्येक गरोदर बाईला एक पुठ्ठ्याची पेटी देतं, हे त्यांनी चित्रासकट वाचलं होतं. आत बाळाचे कपडे, दुपटी, तळाशी लहानशी गादी. बाळाला त्या पेटीतच झोपवतात.

त्यांनी चष्मा लावला आणि चकल्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

*

अस्मितानं येण्याआधी नवऱ्याला एकच अट घातली होती. "या वेळी मुलाचा विषय निघाला, तर पुढच्या वेळी तू एकटा जा. मी भांडणार नाही, रुसणार नाही. फक्त येणार नाही."

मकरंदनं हो म्हटलं होतं. तो कुठल्याही गोष्टीला आधी हो म्हणायचा, हे लग्नानंतर महिन्याभरात तिच्या लक्षात आलं होतं.

मुलांचा तिला कंटाळा होता असं नाही. तीन हजार वस्तीच्या त्यांच्या गावात ती सरकारी केंद्रात नर्स होती आणि गावातलं प्रत्येक बाळ तिच्याच काट्यावर वजन करून घेत असे. गेल्या वर्षी अकरा जन्मली. अकराही तिला नावानं माहीत होती. मृत्यू झाले त्रेसष्ट. दोघांनी चार वर्षं डॉक्टरांकडे खेपा घातल्या, मग एका हिवाळ्यात थांबवल्या. थांबवल्यावर दोघांनाही बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचंच दोघांना काही दिवस वाईट वाटलं. एवढं सगळं जेवणाच्या टेबलावर कसं सांगायचं?

"अस्मिता, आंघोळ झाली का गं? स्लीपआउटमध्ये हीटर लावू का?" मोठी जाऊ अनुराधा परसातून ओरडली. परसातल्या त्या सुट्या खोलीत पाहुण्यांची सोय होती.

"अनुताई, अहो उन्हाळा आहे तुमचा! मी उणे अकरातून आलेय. खिडक्या काढून टाकल्या तरी चालेल."

अनुराधा हसली आणि स्वयंपाकघरात परतली. सासूबाई तिची वाटच बघत होत्या.

"नागसेननं चौकशी केलीय का ते आधी सांग," कलावतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"केलीय. इथंच, ते रापा भागात, ह्यांच्याच कारखान्यात जागा आहे. मकरंदनं सोमवारी फोन करायचा."

"आणि तिचं?"

"नर्सची काय कमी आहे इथे? लगेच घेतील."

"मग झालं. एकदा इथं आले की बाकीचं आपोआप होतं." कलावतीबाईंनी कांदा चिरता चिरता सुरी थांबवली. "तिकडे कुणाला मुलंच होत नाहीत, अनु. तुझ्या सासऱ्यांनी मला आकडा दाखवला. एका बाईमागे सव्वा मूल."

"सव्वा?"

"सव्वा. आता त्या पावाचं काय करायचं, तूच सांग."

अनुराधाला हसू आवरलं नाही. पण तिनं सासूबाईंना हात जोडले. "आई, तुम्ही मात्र तिच्यासमोर काही बोलू नका. नोकरीचं आपण बोलू. बाकी एक शब्द नाही."

"मी कशाला बोलतेय? मी कधी बोलते का?"

*

रविवारी दुपारी गणना होती.

ओव्हाळांच्या घरात ही गणना एकाहत्तर सालापासून चालत आलेली. त्या वर्षी एकवीस वर्षांचे राजाभाऊ जनगणनेचे प्रगणक झाले आणि हात बसावा म्हणून त्यांनी पहिला फॉर्म स्वतःच्या घराचा भरला. त्यानंतर दर दहा वर्षांनी सरकारची झाली की घरची. एकवीस साली सरकारनं साथीमुळे गणना पुढे ढकलली, म्हणून राजाभाऊंनीही ढकलली. आता दिल्लीनं तारखा जाहीर केल्यावर त्यांनी फॉर्म हातानं आखून काढले होते. इथल्या सरकारनं गेल्या हिवाळ्यात सांगून टाकलं होतं की यापुढे अशी गणनाच नाही, कार्यालयांतल्या नोंदींवरून भागवू. फिनलंडमध्ये तर पस्तीस वर्षांपासून दारात कुणी येतच नव्हतं, तिथे सगळं कॉम्प्युटरला माहीत होतं.

"दारात न जाता माणूस कसा मोजतात?" राजाभाऊंचा हा प्रश्न ठरलेला. त्यापुढची गोष्टही ठरलेली. त्यांच्या आजोबांच्या वेळी गणना करणारा वस्तीच्या तोंडाशी, चिंचेखाली उभा राहायचा. आत यायचा नाही, विटाळ होईल म्हणून. आजोबा बाहेर जाऊन माणसं सांगायचे आणि तो लांबूनच लिहून घ्यायचा. त्या घाईत आजोबांची आंधळी बहीण राहून गेली. म्हातारी पुढे वीस वर्षं जगली, पण त्या कागदावर ती नव्हतीच.

ही गोष्ट घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. त्यामुळे रविवारी कुणी "आता हे कशाला?" असं विचारलं नाही. डेकवर टेबल लागलं. नागसेन बार्बेक्यूपाशी चिमटा घेऊन उभा राहिला. कॉलेजात जाताना घालावी तशी इस्त्रीची पँट, शर्टाच्या खिशाला पेन, अशा थाटात राजाभाऊ येऊन बसले.

"घर क्रमांक एक, पुणे, आपल्या लेकीचं, शकुचं. काल फोनवर झालं. चार माणसं. घर क्रमांक दोन, हे. पाच. एकाच स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, हा नियम."

"मग मी आठवड्यातून तीनदा बाहेर जेवतो ते कुठलं कुटुंब?" नागसेन म्हणाला.

"बेघर," अनुराधा म्हणाली.

आरुषी मांडीवर लॅपटॉप घेऊन आजोबांचे फॉर्म उतरवून घेत होती. पंधरा वर्षांची, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, केस समुद्राच्या पाण्यानं ताठ झालेले. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

"गेल्या वेळी अकरा होतो," राजाभाऊ म्हणाले. "आमची आई होती तेव्हा. ती गेली, अस्मिता आली. म्हणजे..." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर एक चोरटा आनंद होता, आणि तो कलावतीबाईंना बरोबर दिसला. पन्नास वर्षांत त्यांनी नवऱ्याला काही लपवताना चारदाच पाहिलं होतं.

"म्हणजे किती, अहो?"

"बेरीज शेवटी."

आरुषीनं पुढचा कागद ओढला. राजाभाऊंचा हात त्याच्याकडे गेला, पण उशीर झाला.

"हाउस थ्री. काका, फोर्टी वन. काकू, थर्टी एट." ती वाचत गेली आणि अडली. "वेट. देअर्ज अ थर्ड लाइन. नो नेम. एज झिरो. आजोबा, हू इज झिरो?"

बार्बेक्यूवर काहीतरी चरचरलं. 

"ते... ते कच्चं आहे," राजाभाऊ म्हणाले.

"इट्स इन पेन."

"अस्मिता!" कलावतीबाई उठून उभ्या राहिल्या, हाताला लिंबाच्या लोणच्याचं तेल. "अगं, आणि तू विमानात एवढं बसून आलीस? मला सांगायचं नाही? अनु, तिला ती खुर्ची दे, पाठीची!"

"आई, बसा," अस्मिता म्हणाली. तिचा आवाज शांत होता, केंद्रात रडणाऱ्या आईशी बोलताना असायचा तसा. "बाबा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

राजाभाऊंनी चकल्यांकडे बोट केलं. "ती पेटी. ती गरोदर बाईलाच मिळते. मी वाचलंय."

अस्मितानं पेटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मकरंद कोशिंबिरीत काहीतरी शोधत होता.

"ती केंद्रातली नमुन्याची पेटी आहे, बाबा. दरवर्षी नवीन नक्षी येते. जुनी टाकून देतात. मजबूत आहे म्हणून मी मागून घेतली, सामान भरायला." ती उठली. "माझं डोकं जरा दुखतंय. तुम्ही जेवून घ्या."

गवत ओलांडून ती स्लीपआउटमध्ये गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं अनुराधाला वाटलं.

"मी एक शब्द बोलले का?" कलावतीबाई म्हणाल्या. "सांगा ना! मी एक शब्द बोलले?"

"आई, तुम्ही पाठीची खुर्ची मागवलीत," अनुराधा म्हणाली. "आणि ते सोमवारच्या फोनचं आपण आता विसरू. मीसुद्धा त्यात होते, माझंच चुकलं. बोलावून घेऊन माणसाला घेरायचं नसतं."

"कसला सोमवारचा फोन?" मकरंदनं मान वर केली.

"तू आधी बायकोकडे जा," नागसेन म्हणाला.

"ती म्हणेल, आत्ता नको."

"दादा बरोबर सांगतोय," कलावतीबाई म्हणाल्या. "जा."

"सॉसेजेस आर ऑन फायर," आरुषी म्हणाली, आणि दोन्ही भाऊ सुटका झाल्यासारखे तिकडे धावले.

राजाभाऊ कागदाकडे बघत बसले होते. तीस वर्षांत त्यांनी किती प्रगणकांना शिकवलं होतं! पहिला नियम: शेजाऱ्याला विचारून लिहायचं नाही. दुसरा: अंदाजानं लिहायचं नाही. तिसरा: दारात जायचं, विचारायचं, सांगतील ते लिहायचं. लांब उभं राहून, एक खोकं बघून त्यांनी सुनेच्या घरात माणूस लिहिला होता. चिंचेखाली उभ्या राहिलेल्या त्या माणसात आणि आपल्यात फरक तो काय, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

त्यांनी फॉर्मचा तो कागद पुठ्ठ्याला लावला आणि उठले.

"अहो, कुठे?"

"कामाला."

*

दारावर टकटक झाली तेव्हा अस्मिता पलंगावर बसून पुढच्या वेळी न येण्याचा विचार करत होती. मकरंद असेल असं वाटून तिनं "उघडंच आहे" म्हटलं. दार उघडलं नाही. पुन्हा टकटक.

तिनं जाऊन उघडलं. पायरीच्या खाली सासरे उभे होते, छातीशी पुठ्ठा धरून.

"जय भीम," ते म्हणाले. "मी गणनेसाठी आलोय. तुम्हाला वेळ आहे का?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माफी मागणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. बहुतेक हीच त्यांची माफी होती.

"आत या," ती म्हणाली.

"आत येऊ?"

"या ना, बाबा."

ते चपला काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "विचारायचं माझं काम, सांगायचं तुमचं. सांगाल ते मी लिहीन. खरं-खोटं करायचा मला अधिकार नाही."

"बरं," अस्मिता म्हणाली आणि तिला पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "विचारा."

"तुमच्या घरात नेहमी राहणारी, एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं किती?"

"तीन."

राजाभाऊंचं पेन थांबलं. पण त्यांनी मान वर केली नाही. सांगतील ते लिहायचं.

"नावं?"

"मकरंद राजाभाऊ ओव्हाळ. अस्मिता मकरंद ओव्हाळ. आणि आयली."

"आयली?"

"खालच्या मजल्यावर राहते. मुलगी हेलसिंकीला असते, उन्हाळ्यात एकदा येते. दोन वर्षांपूर्वी आयली बर्फात पडली. मी ड्रेसिंग करायला जायचे. मग म्हटलं, वर येऊन जेव. तेव्हापासून रोज येते. आम्ही ताट वाढायच्या आधी येऊन बसलेली असते." अस्मिता आता भराभर बोलत होती. "तिला वरणभात लागतो. फोडणी नको. तूप वाढताना मकरंदचा हात धरून ठेवते, आणखी म्हणून. गुरुवारी मात्र मला गॅसपाशी येऊ देत नाही. गुरुवारी तिकडे सगळ्या घरांत वाटाण्याचं घट्ट सूप असतं, ते ती करते. रोज तिघांनी एकत्र बसलंच पाहिजे. मकरंदला उशीर झाला की दारात उभी राहते काठी घेऊन."

राजाभाऊंनी नाव लिहिलं. "कुटुंबप्रमुखाशी नातं?"

"तुमच्या यादीत काय काय आहे?"

"पत्नी, मुलगा, सून, आई... आणि सगळ्यांत शेवटी असंबंधित."

अस्मितानं जरा विचार केला. "घरची, असं लिहा."

"असं नातं यादीत नाही."

"सांगेन ते लिहिणार म्हणालात."

राजाभाऊंनी लिहिलं: घरची.

त्यांनी पान उलटलं. पुढचा रकाना बायकांसाठी होता. हजारो दारांत त्यांनी तो विचारला होता, आणि कसा विचारायचा हे तरुण प्रगणकांना शिकवलंही होतं: आवाज न बदलता, मान खाली, जसं आडनाव विचारतो तसं.

"आजवर झालेली अपत्यं?"

"शून्य."

त्यांनी शून्य काढलं. सुस्कारा टाकला नाही, "बरं बरं" म्हटलं नाही. अस्मिता पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. पुढचा प्रश्न तिला नऊ वर्षांत पाठ झाला होता: का?

"पुढे?" तिनंच विचारलं.

"पुढे काही नाही. फॉर्म इथे संपतो."

खिडकीबाहेर आरुषी पाण्याची बादली घेऊन बार्बेक्यूकडे पळत गेली. अस्मितानं नाक पुसलं.

"बाबा, पुढची गणना कधी?"

"एकतीस साली, ठरल्या वेळेला. मी असलो तर."

"असा. पण दारात येऊन विचारायचं."

"दारातच विचारीन."

"मग मी येईन."

त्यांनी पेन तिच्याकडे दिलं, सहीसाठी. तिनं कागद बघितला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आयलीच्या नावापुढे वयाच्या रकान्यात कालचं शून्य तसंच होतं.

"हे राहिलं."

"खोडून बाजूला सही करावी लागेल," राजाभाऊ ओशाळून म्हणाले. "माझीच चूक आहे. किती वय तिचं?"

"ऑक्टोबरात ऐंशी झालं."

राजाभाऊंनी शून्याच्या आधी आठ काढला. काही खोडावं लागलं नाही. मग ते बराच वेळ शेवटच्या ओळीकडे बघत राहिले. बेरीज त्यांनी काल रात्रीच लिहून ठेवली होती, बारा, आणि ती बरोबर होती.

*

डेकवर सगळे त्यांच्याकडे बघत असताना त्यांनी कागद आरुषीच्या पुढ्यात ठेवला. तिनं वाचला, पुन्हा वाचला.

"सो झिरो इज एटी?"

"झिरो ऐंशीच होतं," राजाभाऊ म्हणाले. "मी अर्धंच लिहिलं होतं."

अस्मितानं फोनमधला फोटो कलावतीबाईंसमोर धरला. टेबलाच्या टोकाला लोकरीची टोपी घातलेली एक बारीक म्हातारी, समोर वाफाळता भात, आणि तूप वाढणारा मकरंद. त्याच्या मनगटावर तिचा हात.

कलावतीबाईंनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. 

"तुम्ही दोघं इथं, मग ती आत्ता कुणाकडे जेवतेय?" त्यांनी विचारलं.

"डबे भरून ठेवलेत फ्रीजरमध्ये. पंधरा दिवसांचे."

"गार?"

"गरम करून घेते, आई."

कलावतीबाईंनी चकल्यांची पेटी पुढे ओढली. एक चकली उचलली, बोटांनी मोडून पाहिली, मान हलवली. मग सगळ्या चकल्या भराभर परातीत ओतायला लागल्या.

"अनु, रवा काढ. आणि नारळ बघ घरात आहे का," त्या म्हणाल्या. "हे कडक कसं चावणार तिला?"